आधी पाणी, मग कॅमेरा

आमच्या घरात त्या उन्हाळ्यात रोज एकच भांडण व्हायचं, आणि ते कागद धुण्यावरून व्हायचं. अहमदपूरला बाजाराच्या तोंडाशी अप्पांचा फोटो स्टुडिओ होता. पुढं स्टुडिओ, मधे खिडकीला काळा रंग फासून केलेली अंधारी खोली, आणि मागं आम्ही राहायचो: माय, अप्पा, मी आणि माझ्या पाठच्या दोघी बहिणी. फोटोचा कागद औषधातून काढला की तो भरपूर पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर काही वर्षांत पिवळा पडतो. आणि भरपूर पाणी अहमदपुरात कुणाच्याच घरी उरलं नव्हतं. हापशाच्या दांड्याची करकर पहाटेपासून सुरू व्हायची, पण दिवस वर येईपर्यंत त्यातून नुसता वारा यायचा. माय रांगेत भांडून आणलेली घागर डोक्यावरून उतरवते न उतरवते तोच अप्पा अंधाऱ्या खोलीच्या पडद्यातून हात बाहेर काढून बादली मागायचे. माय म्हणायची, लोकांच्या नवऱ्या-नवरदेवांची तोंडं धुवायला माझ्या लेकींच्या घशातलं पानी देऊ का मी. अप्पांचा हात मात्र तसाच बाहेर असायचा. शेवटी माय बादली भरून आपटायची आणि चुलीपुढं जाऊन बसायची. त्या दिवसांत आमच्याकडं दोन्ही वेळेला हुलग्याचं माडगं असायचं, नाहीतर येसराची पातळ आमटी आणि तीत कुस्करलेली शिळी भाकरी. भांडी राखेनं कोरडीच घासायची. त्या कोरड्या घासण्याचा आवाज माझ्या दातांत अजून आहे.

अप्पा मूळचे कंधारचे. तरुणपणी नांदेडला एका म्हाताऱ्या मुसलमान फोटोग्राफरकडं ते कामाला लागले. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. निजामाच्या काळात त्यांनी मोठमोठ्या जहागीरदारांचे फोटो काढले होते. उस्ताद थकले तेव्हा त्यांनी आपला स्टँड कॅमेरा अप्पांना दिला. सागवानी पेटीसारखा तो कॅमेरा, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, आणि पोटात लोहाराच्या भात्यासारखा घड्या घातलेला कातडी भाता. फोटो घेणारा डोक्यावर काळं फडकं ओढून मागच्या दुधी काचेत बघतो, तेव्हा समोरची माणसं त्याला उलटी दिसतात, पाय वर आणि डोकं खाली. लहानपणी अप्पांनी मला एकदा फडक्याखाली घेतलं तेव्हा समोर एका पाटलाचं कुटुंब बसलं होतं. पाटील फेट्यासकट उलटा लटकलेला बघून मला एवढं हसू फुटलं की अप्पांनी माझ्या तोंडावर हात दाबला.

त्यांना भीती कशाची होती ते मला पुढं कळलं. लग्नाच्या फोटोला अप्पा खेड्यापाड्यांत जायचे. मंडपात मोठमोठ्या लोकांना ते सांगायचे, मान जरा डावीकडं घ्या, हनुवटी खाली, हलू नका, आणि ती माणसं मुकाट्यानं ऐकायची. नवरीची मान मात्र त्यांनी कधी हातानं वळवली नाही. सगळं तोंडानं सांगायचं, चार हात लांबून. आणि पंगत बसली की त्यांचं पान मंडपाबाहेर, जोड्यांच्या ढिगाशेजारी पडायचं. चहाला कान तुटलेला वेगळा कप असायचा, तो आपणच विसळून वळचणीला ठेवायचा. जे लोक त्यांच्या एका शब्दावर श्वास रोखून बसायचे तेच. आम्ही बौद्ध झालो ते आजोबांच्या हयातीत, घरातले देव कधीच गेले होते, पण अप्पांच्या पाठीतला बाक गेला नव्हता. तो बाक मला सहन व्हायचा नाही. मी त्यांना विचारायची, तुम्ही बाहेर कशाला जेवता, उपाशी या की. ते म्हणायचे, पोटासाठी जातो बाई, इज्जतीसाठी घरी येतो. त्या वाक्याचा मला तेव्हा संताप यायचा. आता वाटतं त्यात त्यांचंही काही जळत असणार, पण संताप म्हणाल तर तेवढाच आहे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा अप्पा एसटीच्या टपावरून सामान उतरवताना पडले. उजवा खांदा निखळला आणि नीट बसलाच नाही. हात छातीच्या वर जाईना. फोटो ते काढू शकत होते, पण कॅमेरा घोडीवर चढवणं त्यांच्यानं होईना. घोडी म्हणजे कॅमेऱ्याची तीन पायांची तिवई; आमच्या घरात तिला घोडीच म्हणायचे. मग ते काम माझ्याकडं आलं. पोरीच्या जातीनं मंडपात कॅमेरा उचलायचा म्हणून मायची तक्रार होती, नातेवाइकांची तर होतीच, पण दुसरं कुणी नव्हतं.

ते काम अप्पांनी मला अंगणात शिकवलं. घोडीचा एक पाय पुढं, भिंगाच्या बरोबर खाली. दोन पाय मागं, आणि त्या दोहोंच्या मधे आपण उभं राहायचं. भाता पुढं ओढला की सगळं वजन पुढं झुकतं, तिथं पाय नसला तर कॅमेरा तोंडावर पडतो. पायांची लोखंडी टोकं टाचेनं जमिनीत दाबायची. मग घोडीच्या डोक्यावरच्या पितळी तबकडीवर गवंड्याची पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध येईस्तोवर पाय कमी-जास्त करायचे. कॅमेरा मिटलेलाच उचलायचा, भिंग काढून. डाव्या हातानं तो छातीशी कवटाळून तबकडीवर टेकवायचा, आणि उजवा हात खाली घालून मोठा पितळी स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडातल्या भोकाला लावायचा. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांनीच बघायचं. सरळ लागला तर तो लोण्यात गेल्यासारखा फिरतो. अडला तर जोर करायचा नाही, काढून पुन्हा लावायचा, कारण पितळेचे आटे एकदा गेले की तसा स्क्रू हैदराबादेतसुद्धा मिळत नाही. आणि घट्ट बसला तरी लगेच हात सोडायचा नाही. दोन्ही हातांनी हलवून बघायचा, घोडी आणि कॅमेरा एकजीव हलले तरच पुढची पाटी उघडून भाता ओढायचा. हल्ली माझी नात एका हातानं मोबाईल वर धरते आणि दुसऱ्या हातानं वडापाव खाते. तिला हे सांगितलं की ती म्हणते, एवढ्या वेळात माणसं निघून जात नव्हती का. नव्हती जात. त्या वेळाला माणसं मान द्यायची. त्या कॅमेऱ्यापाठी उभ्या असलेल्या माणसाला देत नव्हती, एवढंच.

जिल्हा नवीन होऊन थोडेच दिवस झाले होते. आधी जिल्ह्याचं काम म्हटलं की उस्मानाबाद, म्हणजे जायचा-यायचा दिवस फुकट. आता लातूर झालं, आणि लातूरबरोबर सगळ्यांनाच काहीतरी होईल असं वाटायला लागलं. अहमदपुरातही जागांचे भाव चढले. नदी-विहिरींचा तळ दिसत होता, गुरं बाजारात मातीमोल जात होती, आणि त्याच वेळेला एसटी स्टँडसमोर एका गुत्तेदाराची, म्हणजे कंत्राटदाराची, इमारत उठत होती, खाली दुकानं आणि वर लॉज. खेड्यांना टँकरनं पाणी पुरवायचं कामही त्याच गुत्तेदाराकडं होतं. कॉलेजला जाताना मी ती इमारत रोज बघायची. नव्या स्लॅबवर मातीचे बांध घालून तळं केलेलं असायचं, सिमेंटला चीर पडू नये म्हणून. भिंतींवर ओली पोती. खाली निळा टँकर उभा, मागच्या बाजूला मोठा पोचा आलेला, आणि त्याची नळी वरपर्यंत गेलेली. पाणी कडेनं गळून रस्त्यावर यायचं आणि चिमण्या त्यात अंघोळ करायच्या. येणारे-जाणारे बघायचे. कुणी बोलायचं नाही. मीही बोलले नाही, पण घरी येऊन मायची घागर बघितली की माझ्या कानशिलांत ठोके पडायचे.

एक दिवस तो गुत्तेदार आमच्या स्टुडिओत आला. अप्पांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान असेल, पण अप्पांना किसन म्हणायचा, कधी किसन्यासुद्धा. लातूरला दुष्काळी कामांचं प्रदर्शन भरणार होतं. भिंतीएवढे फोटो लावणार होते, मुंबईहून मोठे साहेब यायचे होते. त्याला आपल्या टँकरचा फोटो हवा होता: दलित वस्तीत पाणी पोचतंय, बाया घागरी घेऊन हसत उभ्या आहेत. छोट्या कॅमेऱ्याचा फोटो एवढा मोठा केला की फुटतो, म्हणून उस्तादांचा स्टँड कॅमेरा. वस्ती त्यानं निवडली ती सावरटेकची. सावरटेक म्हणजे माझ्या मायचं माहेर. अप्पांनी ते त्याला सांगितलं नाही. फोटो चांगला झाला तर नव्या जिल्ह्यात सरकारी कामं मिळतील, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. त्या संध्याकाळी ते कॅमेऱ्याच्या पितळेला चिंच लावून घासत बसले आणि गुणगुणत होते. माय भाकरी थापता थापता म्हणाली की धुरपता वहिनीचा निरोप आलाय, सावरटेकला महिनाभर टँकर फिरकला नाही. अप्पांचं गुणगुणणं थांबलं, पण हात चालू राहिला.

सकाळी गुत्तेदाराच्या जीपमधून आम्ही गेलो. वस्तीपुढच्या कोरड्या आडाजवळ निळा टँकर येऊन थांबला होता. मागचा पोचा बघताच मी ओळखला. वस्तीतल्या बायांना निरोप गेलेला होता, धुतलेली लुगडी नेसून या म्हणून. धुतलेली. ज्यांना प्यायला नाही त्यांना. तरी बिचाऱ्या होतं नव्हतं ते बरं नेसून आल्या होत्या, घागरी-कळश्या घेऊन ओळीत उभ्या होत्या, आणि गुत्तेदाराचा माणूस ओळीवरून फिरत कुणाचा पदर कसा हवा ते सांगत होता. धुरपता मामीनं मला बघितलं. ती ओळ सोडून माझ्याजवळ आली आणि घोडीचे पाय उघडायला हात लावल्याचं निमित्त करून हळूच म्हणाली, "सुजे, फोटू झाला की टँकर जातंय. मागल्या बारीलाबी एक जण बारका कॅमेरा घेऊन आल्ता. घागरी घेऊन हुबं केलं, टिक केलं, आन गेले. एक थेंब न्हाई दिला."

मी विचारलं, तुम्ही मग उभ्या कशाला राहिलात. ती म्हणाली, "ह्या बारीला देतील म्हून."

मी घोडी उभी केली. पुढचा पाय भिंगाखाली, मागचे दोन टाचेनं दाबले. जमीन एवढी वाळली होती की टोकं आत जाईनात, खडा घेऊन ठोकावी लागली. पाणसळ ठेवली, बुडबुडा मधे आणला. हे सगळं मी सावकाश करत होते आणि माझ्या डोक्यात काय चाललंय ते मलाच कळत नव्हतं. ओल्या स्लॅबवरच्या चिमण्या दिसत होत्या. मग मी पेटीतून कॅमेरा उचलला, छातीशी धरला, घोडीपाशी आले, आणि तिथंच उभी राहिले. तबकडीवर टेकवला नाही.

अप्पा म्हणाले, बसव. मी हलले नाही. त्यांना वाटलं, जड झाला असेल. ते डावा हात लावायला पुढं आले तेव्हा मी एक पाऊल मागं सरकले आणि म्हणाले, "आधी पानी सोडा. मग कॅमेरा बसवते."

मी ते मोठ्यानं म्हणाले होते. ओळीतल्या बायांची कुजबुज थांबली. गुत्तेदार हसला. तो माझ्याशी बोलला नाहीच, त्यानं अप्पांना विचारलं, किसन, पोरगी काय म्हणून राहिली. अप्पा खालच्या आवाजात मला म्हणाले की घरी गेल्यावर तुला बघतो, आता बसव, माझ्या पोटावर पाय देऊ नको. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित बसवला असता. मी टँकरच्या नळीकडं बघत राहिले. कॅमेरा मणाचा झाला होता. पितळी कोपरा बरगडीत रुतत होता, पण मला वाटत होतं की हा खाली ठेवला तर मी आयुष्यभर मंडपाबाहेरच जेवणार.

गुत्तेदाराचं हसू गेलं. उन्हं चढायला लागली होती आणि त्याला दुपारच्या आत लातूर गाठायचं होतं. मग तो जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. आमच्या जातीचं जुनं नाव आणि माझ्या वयाच्या मुलीला लावायचे शब्द त्यानं एकत्र करून वापरले, माझ्या बापासमोर. नंतर आपल्या माणसाला म्हणाला, काढून घे रे ते खोकं. तो माणूस माझ्या दिशेनं निघाला तशी धुरपता मामी घागर खाली ठेवून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग तिची जाऊ, मग बाकीच्या. रिकाम्या घागरी मागं ओळीत तशाच राहिल्या आणि बाया माझ्याभोवती आल्या.

तेव्हा अप्पा बोलले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच अजीजीचा होता. ते म्हणाले, "मालक, त्याला हात लावू नका. पडला तर फोटोच होनार न्हाई."

ते कॅमेऱ्याला जपत होते की मला, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि न कळल्याचा मला रागच आला. पण गुत्तेदार थांबला. त्यानं घड्याळ बघितलं, टँकरच्या चाकावर एक लाथ घातली, आणि ड्रायव्हरला म्हणाला, सोड.

नळीतून पाणी आलं तेव्हा बाया क्षणभर जागच्या हलल्याच नाहीत. मग सगळी वस्ती धावली. घागरी भरल्या, कळश्या भरल्या, पोरांनी तवे आणि परातीसुद्धा आणल्या. एका म्हाताऱ्यानं डोक्याचा पटका सोडून नळीखालच्या चिखलात भिजवला आणि परातीत पिळला. गुत्तेदार म्हणाला, बस झालं. मी म्हणाले, अजून आहे त्यात. टँकरच्या पोटावर हात मारून मामीनं आवाज ऐकला आणि मानेनं मला खूण केली, हाय. शेवटची धार बारीक होऊन थेंब थेंब झाली, तोपर्यंत कॅमेरा माझ्या छातीशी होता.

मग मी तो बसवला. हात बधिर झाले होते, स्क्रू भोकाला लागेना. पहिल्यांदा तिरका गेला, अडला, काढला, पुन्हा लावला. अप्पा शेजारी उभे होते. घट्ट झाल्यावर मी दोन्ही हातांनी हलवून बघितला, पाटी उघडली, भाता ओढला, भिंग लावलं, आणि बाजूला झाले. अप्पा फडक्याखाली गेले. बाया भरलेल्या घागरी डोक्यावर घेऊन टँकरपुढं उभ्या राहिल्या. गुत्तेदाराच्या माणसानं सांगितलं, हसा. एकही हसली नाही. हलली पण नाही. अप्पांनी भिंगाचं झाकण काढून पुन्हा लावलं, त्या तेवढ्या वेळात घागरीतलं पाणीसुद्धा डुचमळलं नाही.

जीप आम्हाला तिथंच टाकून गेली. डांबरी रस्त्यापर्यंत मी कॅमेरा आणि अप्पा घोडी घेऊन चालत आलो. निम्म्या वाटेवर अप्पा म्हणाले, तू माझं पोट मारलंस. मी म्हणाले, मारू द्या. एसटीत आम्ही वेगवेगळ्या बाकड्यांवर बसलो.

आणि तो फोटो सुंदर आला. याचाच तर मला राग आहे. लोक म्हणतात वय झालं की राग निवतो. माझा निवलेला नाही, कारण आम्ही दोघांनी मिळून त्या माणसाला जगातला सगळ्यात चांगला पुरावा तयार करून दिला होता. घागरीच्या कडेवरचा ओला ओघळ, चिखलात उमटलेले पाय, सगळं खरं, लख्ख. ते बघून गुत्तेदार एवढा खूश झाला की माझा उद्धटपणा त्यानं माफ करून टाकला, तसं अप्पांना सांगितलंही. निगेटिव्ह घेऊन गेला, हैदराबादेत दरवाज्याएवढा फोटो करून आणला, आणि वर निरोप पाठवला की प्रदर्शनाला किसननं यावं, साहेबांच्या हातून नारळ देऊ. सावरटेकला मात्र त्या दिवसानंतर टँकर पुन्हा गेला नाही. माझ्या बोलण्याची शिक्षा पूर्ण वस्तीला. दोन लेकरं हगवणीनं आजारी पडली, डबक्यातलं पाणी पिऊन. हे सगळं ठाऊक असून अप्पांनी नारळ घ्यायला जायचं ठरवलं, सदऱ्याला इस्त्री करून आणली. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. माय मात्र शांत होती. तिनं एवढंच म्हटलं, "जायाचंय तर धुरपताला बी न्या. फोटो तिचा हाय."

तशी आम्ही तिघं लातूरला गेलो. प्रदर्शनाच्या मंडपात पंखे लावलेले होते, जमिनीवर सतरंज्या, आणि मधोमध आमचा फोटो. मामी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि कितीतरी वेळ आपल्याच तोंडाकडं बघत राहिली. फोटोतली मामी खऱ्या मामीपेक्षा उंच होती. खाली रंगीत अक्षरांत गुत्तेदाराचं नाव आणि वस्तीची सेवा असं काहीतरी लिहिलेलं. मी तिला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

साहेब आले, मागं गर्दी, गुत्तेदार त्यांच्या खांद्याशी. फोटोपुढं थांबून साहेबांनी वाहवा केली. तेवढ्यात मामी पुढं झाली. मी तिला काहीही शिकवलं नव्हतं, शप्पथ. तिनं फोटोतल्या स्वतःवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, ही मी हाय. ह्या दिशी पानी भेटलं. त्याच्या आधी न्हाई आन मागनं बी न्हाई. लेकरं डबक्याचं पिऊन राहिलेत."

गर्दी फोटोकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं बघायला लागली. लुगडंही तेच होतं, तिच्याकडं दुसरं नव्हतं. गुत्तेदार हसत म्हणाला, साहेब, अडाणी बाई आहे, कुणीतरी पढवून आणलीय. फोटो खोटं बोलतो का? आणि गर्दीत अप्पांना हुडकून त्यानं बोट केलं, हा इथंच उभा आहे फोटो काढणारा, त्यांचाच माणूस आहे, त्याला विचारा पाणी दिलं की नाही. सांग रे किसन.

साहेब अप्पांकडं वळले. अप्पा इस्त्रीच्या सदऱ्यात, हात जोडलेले, पाठ नेहमीसारखी वाकलेली. मला वाटलं, आता संपलं. मी मान खाली घातली.

"दिलं," अप्पा म्हणाले. मग थांबले. जोडलेले हात त्यांनी सोडले. "माझ्या पोरीनं कॅमेरा बसवला न्हाई तवर दिलं न्हाई. ती अडून बसली म्हून तेवढं एक दिवस दिलं. टँकर यांच्या इमारतीवर हुबं असतंय साहेब, स्टँडसमोर. कवाबी येऊन बघा."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. चौकशी झाली. गुत्तेदाराचं टँकरचं काम गेलं, इमारत मात्र पूर्ण झाली; अशा माणसांचं पूर्णच होतं. सावरटेकला दुसरा टँकर सुरू झाला, आणि दोन उन्हाळ्यांनंतर वस्तीत हापसा आला. अप्पांना त्या भागात लग्नाचं एकही काम मिळेनासं झालं. कुणी दम दिला नाही की मारलं नाही, नुसतं बोलावणं बंद केलं. वर्षाच्या आत आम्ही सामान बांधून नांदेडला आलो, तिथं अप्पांनी एका दुसऱ्याच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढत उरलेली वर्षं घालवली. त्यांना यापेक्षा बरं मिळायला हवं होतं. खरं बोलल्याबद्दल माणसाला गाव सोडावं लागतं याचा मला तेव्हाही संताप होता आणि आज हे लिहितानाही आहे.

पण त्या दुपारी हे काहीच ठाऊक नव्हतं. नारळ घ्यायला कुणी थांबलं नाही. आम्ही मंडपातून निघालो ते थेट बसस्टँडजवळच्या एका खानावळीत शिरलो. मामीला खानावळीत बसायची सवय नव्हती, ती बाकड्याच्या कडेला टेकली होती. अप्पा मात्र आत जाऊन मधल्या टेबलावर, पंख्याखाली बसले, आणि आम्हाला हाक मारली. गरम भाकरी आली, झणझणीत पिठलं आलं, कांदा आला. मग अप्पांनी भाकरी मोडता मोडता, माझ्याकडं न बघता विचारलं, "बोलताना आवाज कापला का गं माझा?"

कापला होता. मंडपातल्या सगळ्यांनी ऐकला होता.

मी म्हणाले, नाही अप्पा. अजिबात नाही.

त्यांनी मान डोलावली आणि वाढणाऱ्याला हाक मारून अजून एक भाकरी मागितली.